जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचं हलकं लिनक्स विकायचंय? आधी शेवटची तारीख ठरवा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून आपल्या भागातल्या पोरांचा एक प्रश्न सारखा येतोय: "सर, वापी-उंबरगावकडच्या कंपन्यांमधून जुने कॉम्प्युटर स्वस्तात निघतायत. त्यावर विंडोज ११ चढत नाही. हलकं लिनक्स टाकून, आपलं नाव देऊन डहाणू-तलासरीत विकले तर धंदा होईल का?"

होऊ शकतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-३, आय-५ वाले डेल, एचपी, लेनोवो मशीन ठणठणीत असूनही बाद. असं मशीन घेऊन, एसएसडी टाकून, पुसून-झाडून दिलं तर कॉलेजच्या मुलाला, झेरॉक्सवाल्याला, बचत गटाच्या हिशेबाला, शिकवणीवाल्या मॅडमना आरामात चालतं. काही जण यावर क्रॅक केलेलं विंडोज टाकून विकतात. तो रस्ता धरू नका. चोरीची प्रत आहे हे माहीत असताना वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. आणि दुकानाची पाटी तुमच्या नावाची आहे.

पण हा प्रश्न विचारणाऱ्यांचा प्लॅन बघितला की त्यात सगळ्यात वर असतं नाव, मग लोगो, मग वारली चित्राचा वॉलपेपर. तारीख सगळ्यात खाली, आणि तीही एकच: "लाँच." माझं म्हणणं उलट आहे. आधी ठरवा की ही आवृत्ती तुम्ही कुठल्या दिवसापर्यंत सांभाळणार. मग बाजारात कधी आणायची ते. वॉलपेपर शेवटी.

भेळवाला कुरमुरे बनवत नाही

लिनक्सची डिस्ट्रो म्हणजे काय, हे थोडक्यात. डहाणूच्या बीचवरचा भेळवाला कुरमुरे स्वतः भाजत नाही, शेव स्वतः पाडत नाही. तो चांगला माल निवडतो, प्रमाण ठरवतो, मिसळतो, आणि पोट बिघडलं तर गिऱ्हाईक त्याच्याकडेच येतं. डिस्ट्रोचं तसंच. कर्नल एकाकडून, डेस्कटॉप दुसऱ्याकडून, ब्राउझर तिसऱ्याकडून. डिस्ट्रोवाला ते एकत्र करतो, तपासतो आणि जबाबदारी घेतो.

"हलकी" म्हणजे तिचा डेस्कटॉप कमी रॅम खातो. त्यासाठी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घ्या, दोन्ही चांगले आहेत. मला दुकानासाठी एक्सएफसीई बरा वाटतो, कारण विंडोज ७ ची सवय असलेल्या माणसाला तो लगेच समजतो. मात्र एक लक्षात ठेवा, डेस्कटॉप कितीही हलका असला तरी यूट्यूब आणि चार टॅब उघडले की ब्राउझर रॅम खाणारच. २ जीबीच्या मशीनवर "फास्ट चालेल" असं सांगून विकू नका. ४ जीबी आणि एसएसडी ही खालची पट्टी ठेवा.

आता महत्त्वाचं. तुम्हाला शून्यातून डिस्ट्रो काढायचीच नाहीये. एखादी भक्कम डिस्ट्रो पाया म्हणून घ्यायची, त्यावर मराठी टायपिंग, प्रिंटर, लिबर ऑफिस वगैरे बसवून एक तयार इमेज बनवायची. डेबियनसाठी लाइव्ह-बिल्ड नावाचं साधन आहे, उबंटूसाठी क्यूबिक. दोन्ही फुकट आहेत.

पाया निवडताना त्याचं उरलेलं आयुष्य बघा. डेबियन १३ ही ९ ऑगस्ट २०२५ ला आली. डेबियनची पद्धत अशी, की तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढे दोन वर्षं एलटीएस. म्हणजे २०३० पर्यंत सोय झाली. लुबंटू-झुबंटूच्या एलटीएस आवृत्त्यांना तीन वर्षं मिळतात. यातला फरक गिऱ्हाइकाला आज दिसत नाही, पण तिसऱ्या वर्षी तो तुमच्या दारात उभा राहतो. एक धोका मात्र आहे. डेबियन १३ मध्ये ३२ बिट कॉम्प्युटरसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल दिलेलं नाही. म्हणून जुने ॲटम प्रोसेसरवाले छोटे नेटबुक भंगारात कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

सगळ्यात नवं ते सगळ्यात चांगलं, असंही नाही. केरळमध्ये शाळांसाठी काइट ही सरकारी संस्था उबंटूवर आधारित स्वतःची आवृत्ती काढते. त्यांनी २०२४ मध्ये जी आणली तिचा पाया उबंटू २२.०४ होता, आणि तोपर्यंत २४.०४ बाजारात येऊन गेलं होतं. शाळांमध्ये मुरलेला पाया परवडतो. आपल्याकडे सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे, डेबियनवरच बेतलेलं, भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात. आधी ते एका मशीनवर टाकून बघा. त्यानेच काम भागत असेल तर स्वतःची इमेज कशाला करायची? तेच बसवून द्या आणि सेवेचे पैसे घ्या. त्यात कमीपणा नाही.

आणि एकट्याने काढलेल्या डिस्ट्रोचं काय होतं ते क्रंचबँगकडे बघून समजतं. फिलिप न्यूबरो या एका माणसाने चालवलेली ही हलकी डिस्ट्रो लोकांना खूप आवडायची. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याने थांबत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्याकडे ती होती त्यांचे कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी बंद पडले नाहीत, कारण पाया डेबियनचा होता आणि सुरक्षेची अपडेट्स डेबियनकडून येत राहिली. तुम्ही उद्या आजारी पडलात, नोकरीला लागलात, दुकान बदललंत, तरी तुमच्या गिऱ्हाइकाचं मशीन सुरक्षित राहिलं पाहिजे. म्हणून पॅकेजेस स्वतःच्या सर्व्हरवरून देऊ नका. पायाच्या जवळ राहा.

तारीख कोण ठरवतं?

मोठ्या डिस्ट्रोंमध्ये दोन घराणी आहेत. उबंटू तारीख पाळतं. दर एप्रिल आणि ऑक्टोबर, २००४ पासून. नावातच वर्ष-महिना असतो. आजवर त्यांची मोठी घसरण एकदाच झाली: २००६ चं एप्रिलचं रिलीज जूनमध्ये आलं, म्हणून तिचं नाव ६.०४ न राहता ६.०६ झालं. ती त्यांची पहिली एलटीएस आवृत्ती होती, लोक ती काही वर्षं वापरणार होते, म्हणून सहा आठवडे जास्त घेऊन ती घासून-पुसून दिली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. तेव्हा उबंटूने २४.०४ चा बीटा एक आठवडा पुढे ढकलला, पॅकेजेस नव्याने बांधली, पण शेवटची तारीख २५ एप्रिल पाळली. का जमलं? कारण वेळापत्रकात मध्ये श्वास घ्यायला जागा होती.

डेबियन म्हणतं, तयार होईल तेव्हा येईल. ते मोकाट नसतं बरं का. डेबियन १३ साठी १५ मार्च २०२५ ला पहिला फ्रीझ लागला, १५ एप्रिलला दुसरा, १५ मेला कडक, २७ जुलैला पूर्ण. फ्रीझ म्हणजे नवीन काही घ्यायचं नाही, असलेलं दुरुस्त करायचं. दर टप्प्याला दार थोडं आणखी लोटायचं.

आपण कुठल्या घराण्यात? आपली तारीख आपण ठरवतच नाही, बाजार ठरवतो. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात. कॉलेजचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे फॉर्म, दाखले, सगळं मे अखेर ते जुलै. शिवाय एकदा पाऊस लागला की तलासरीच्या आतल्या गावात डिलिव्हरी देणं आणि वीज टिकणं, दोन्ही कठीण. म्हणजे मशीन २० मेपर्यंत विकायला तयार पाहिजे. ही तारीख हलत नाही. हलते ती यादी. म्हणून वेळ कमी पडला तर वैशिष्ट्यं कापा, तपासणी कापू नका.

आता उलटे मोजत या. २० मेला विक्री. १ मेला शेवटची इमेज, त्यानंतर फक्त मशीनवर उतरवायची, बदलायची नाही. १५ एप्रिलला फ्रीझ. त्याआधी महिनाभर पाच खऱ्या माणसांकडे पाच मशीन वापरायला. म्हणजे पहिली चालणारी इमेज मार्चच्या मध्याला हवी आणि पाया-डेस्कटॉपचा निर्णय जानेवारीत. यात दोन स्थानिक खड्डे आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, तेव्हा विद्यार्थ्याच्या घरचं मशीन चाचणीला घेऊ नका. आणि चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा लागते, ती साधारण पंधरा दिवस चालते. त्या दिवसांत डहाणूचा अर्धा व्यापारी तिकडे असतो, तुमचे टेस्टर फोन उचलणार नाहीत. ते पंधरा दिवस वेळापत्रकात मोजूच नका.

पाया नवा आला असेल तर लगेच उडी घेऊ नका. डेबियन दर काही महिन्यांनी दुरुस्त्या एकत्र करून छोटी आवृत्ती देतं. १३ आली ऑगस्टमध्ये, १३.१ आली ६ सप्टेंबरला. अशा दोन-तीन छोट्या आवृत्त्या येऊ द्या. जूनच्या सीझनसाठी आदल्या ऑगस्टचा पाया मला योग्य वाटतो.

तपासणी: यात सगळा जीव आहे

कर्जतजवळच्या खैरात गावातल्या छोट्या शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप आले होते, हे किती जणांना आठवतं? २५६ एमबी रॅम, १ जीबी साठवण, आत फेडोरावर बेतलेलं लिनक्स आणि 'शुगर' नावाचा लहान मुलांचा डेस्कटॉप. हलक्या लिनक्सचं महाराष्ट्राच्या खेड्यातलं याहून जुनं आणि याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. त्या प्रकल्पावर वाद पुष्कळ झाले, त्यात मी जात नाही. धंद्याच्या नजरेने मला एक गोष्ट दिसते: त्यांच्याकडे मशीनचं मॉडेल एकच होतं. सॉफ्टवेअर एका मशीनवर चाललं की सगळीकडे चाललं.

आपल्याकडे भंगारवाला टेम्पोतून बावीस मशीन आणतो आणि त्यात चौदा मॉडेल असतात. मग तपासणी चौदा वेळा. म्हणून पहिला नियम, मॉडेल तीनच ठेवा. समजा, डेलचं ऑप्टिप्लेक्स ३०१०, लेनोवोचा टी-४३० लॅपटॉप आणि एचपीचं एक डेस्कटॉप. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण एकाच मॉडेलचा लॉट घ्या. प्रत्येकावर वायफाय, आवाज, झोपवून उठवणं, दोन मॉनिटर आणि अचानक वीज गेल्यावर पुन्हा सुरू होणं, एवढं स्वतः करून बघा. शेवटचं तर मुद्दाम, चार-पाच वेळा प्लग खेचून.

मग प्रिंटर. इथे भलेभले पडतात. डहाणू रोड स्टेशनपासून तलासरी नाक्यापर्यंतच्या झेरॉक्सच्या दुकानांत कॅननचा एलबीपी २९०० ठाण मांडून बसलेला दिसेल. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीने चालतो आणि लिनक्सवर त्याला चालवणं डोकेदुखी आहे. एचपीच्या लेझरजेट १०२० ला सॉफ्टवेअर आहे, पण त्याला वेगळं प्लगइन इंटरनेटवरून उतरवावं लागतं. ते इमेज बनवतानाच जमवून ठेवा, गिऱ्हाइकाच्या घरी हॉटस्पॉटवर नाही. गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न "बजेट किती?" हा न विचारता "घरात प्रिंटर कुठला?" हा विचारा. २९०० असेल तर सरळ सांगा, हे मशीन तुमच्यासाठी नाही. तसंच ज्याचा सगळा धंदा टॅलीवर आहे, किंवा ज्याला बोटांचे ठसे घेणारं यंत्र लावायचंय, त्याच्याकडे ते यंत्र लिनक्सवर चालताना स्वतः बघितल्याशिवाय विकू नका.

मराठीची तपासणी म्हणजे मेनू मराठीत दिसला की झालं, असं नाही. 'शेतकऱ्याचा सातबारा, तलाठ्याचा दाखला' एवढं टाइप करून छापा. 'ऱ्या' नीट आला का? 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आले का हिंदी? फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण भाषा 'मराठी' निवडली नाही तर हिंदी वळण येतं. लोहित फॉन्टवर रेड हॅटच्या पुण्यातल्या टीमने बरंच काम केलंय, तो आणि नोटो हे दोन्ही ठेवा. कीबोर्ड तीन लागतील: इनस्क्रिप्ट, टायपिंग क्लासमधून आलेल्यांना रेमिंग्टन, आणि रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांना फोनेटिक. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या फायली नव्या मशीनवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्या युनिकोडमध्ये बदलाव्या लागतात, विकतचे फॉन्ट इमेजमध्ये कॉपी करून वाटायचे नाहीत. आणि एक आपल्या भागाचं खास: गुजराती. अच्छाडच्या पलीकडे गुजरात, झाई-बोर्डीकडे घरात दोन्ही भाषा. गुजराती फॉन्ट आणि कीबोर्ड नसेल तर तुमची आवृत्ती तलासरीसाठी अर्धीच आहे.

लाँचनंतरच्या फेऱ्यांचा हिशेब

आकडे उदाहरणापुरते घ्या. एका मशीनमागे सगळा खर्च जाऊन १,५०० रुपये सुटतात. सीझनला ४० विकले. ६०,००० झाले, छान. आता प्रत्येकाला वर्षभरात दोन फेऱ्या माराव्या लागल्या तर ८० फेऱ्या. डहाणूहून उधव्याकडे जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो. म्हणजे ४० दिवस. पेट्रोल आणि बंद दुकान मिळून दिवसाचे ६०० धरले तर २४,००० गेले. उरले ३६,०००. दुसऱ्या वर्षी नवीन ४० विकाल तेव्हा फेऱ्या ८० मशीनच्या असतील. तिसऱ्या वर्षी १२० च्या. विक्री तेवढीच, फेऱ्या तिप्पट. बीबीएला आम्हाला नफा-तोटा पत्रक शिकवलं होतं, पण हा फेऱ्यांचा आकडा त्यात कुठल्या रकान्यात बसतो ते दुकान टाकल्यावरच कळतं.

म्हणून शेवटची तारीख. कॅबिनेटवर छोटं स्टिकर लावा: आवृत्ती २६.०५, मोफत मदत अमुक तारखेपर्यंत, सुरक्षा अपडेट्स तमुक तारखेपर्यंत. पहिली तारीख तुमची, एक वर्ष बास. दुसरी पायाची. दोन्ही तारखा बिलावरही छापा. मोफत मुदत संपल्यावर फेरीचे पैसे, हेही त्याच बिलावर. गिऱ्हाईक चिडत नाही, त्याला आधी सांगितलेलं असलं की.

एका वेळी दोनच आवृत्त्या सांभाळा. तिसरी काढायची तर पहिलीवाल्यांना आधी वर आणा. त्यासाठी सुरुवातीलाच डिस्कचे दोन भाग करा, सिस्टम वेगळी, गिऱ्हाइकाच्या फायली वेगळ्या. मग नवी इमेज टाकताना त्यांच्या लग्नाच्या फोटोंना हात लागत नाही. आपोआप येणारी अपडेट्स फक्त सुरक्षेची ठेवा, कारण आतल्या गावात सगळं मोबाइल डेटावर चालतं. दुकानात एका जुन्या मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवलंत तर वीस मशीनची अपडेट्स एकदाच उतरतात, बाकी सगळी दुकानातल्या दुकानात. फोनवरून मदत करायला रस्टडेस्कसारखं साधन इमेजमध्ये आधीच असू द्या, पण ते सुरू करायचं की नाही हे गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा.

नावाचं थोडक्यात. जीपीएल परवान्याचं सॉफ्टवेअर तुम्ही विकू शकता, पैसे घेण्याला बंदी नाही, फक्त मागणाऱ्याला त्याचा सोर्स कोड देता आला पाहिजे. पण उबंटूमध्ये फेरफार करून ती उबंटूच्याच नावाने आणि चिन्हाने वाटता येत नाही, त्याला परवानगी लागते. तुमच्या आवृत्तीला तुमचं नाव द्या आणि खाली "डेबियनवर आधारित" असं साधं लिहा.

पहिल्या सीझनला मात्र ४० चा नाद करू नका. दहाच मशीन काढा, तीही डहाणू रोड, आशागड, तलासरी नाका अशा हमरस्त्यावरच्या गिऱ्हाइकांना. एका वहीत प्रत्येकाचं पान: मॉडेल, प्रिंटर, विकल्याची तारीख, फोन कधी आला, कशासाठी आला, जावं लागलं का. अकरावा माणूस मशीन मागायला आला तर त्याचं नाव-नंबर लिहून घ्या आणि १५ जुलैनंतर बोलवा. तोपर्यंत पहिल्या दहांची पानं काय सांगतात ते समोर आलेलं असेल.